आधी हवा, मग ब्रश

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात लहान मुलांचा तान्हा पोळा भरतो. चाकं लावलेला लाकडी नंदी दोरीने ओढत पोरं तोरणाखाली जमतात, झडत्या म्हणतात आणि मग घरोघरी जाऊन बोजारा मिळवतात. कुरखेडा, वडसा, आरमोरी या पट्ट्यात नंदी घडवायला लाकडाची वाण नाही. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगलाने व्यापलेला आहे आणि सागाचा तुकडा हातात घेऊन वाढलेले कारागीर इथे आहेत. नंदी घडतो चांगला, पण रंगवताना एका जागी अडतो. ती जागा म्हणजे वशिंड. खऱ्या बैलाच्या वशिंडावरचा काळसर राखी रंग खांद्यावरून खाली उतरत जातो आणि पाठीच्या पांढऱ्यात कुठे विरला ते बोट ठेवून सांगता येत नाही. कुंचल्याने हे करायला गेलं की दोन रंगांच्या मध्ये पट्टा दिसतो. ओला रंग ओल्यात पुसून तो झाकता येतो, पण झटपट वाळणाऱ्या ॲक्रिलिकमध्ये त्यासाठी मिळणारा वेळ फारच थोडा असतो. नाकपुडीभोवतीची काळोखी, शिंगाच्या टोकाकडे गडद होत जाणारा रंग, पोटाखालची सावली, या सगळ्यांचा प्रश्न तोच. रंग धुक्यासारखा बारीक उडवून थरावर थर देणारं अवजार, म्हणजे एअरब्रश, इथेच हवासा वाटतो.

हौशी माणूस एअरब्रश घ्यायला निघाला की त्याला बहुतेक सगळीकडे एकच सल्ला मिळतो: ब्रश चांगल्यातला घे, कॉम्प्रेसर काय, हवाच तर द्यायची आहे. जपानी किंवा जर्मन बनावटीचा नावाजलेला ब्रश दहा हजारांच्या पुढे जातो. एवढा पैसा ब्रशात गेला की कॉम्प्रेसरसाठी उरलेल्या रकमेत बिनटाकीचं छोटं यंत्र येतं. हा सल्ला देणारे खोटं बोलत नाहीत. ज्या घरात हवा कोरडी राखलेली असते, वीज अखंड असते आणि सुटे भाग दोन गल्ल्या पलीकडे मिळतात, तिथे तो लागूही पडतो. कुरखेड्याला मात्र हा क्रम उलटा करावा लागतो. पहिला आणि मोठा खर्च हवेवर, म्हणजे टाकी, दाबनियंत्रक आणि पाणी अडवणारी वाटी असलेल्या कॉम्प्रेसरवर करावा. ब्रश मधल्या प्रतीचा, मधल्या तोंडाचा पुरे. हे का, ते इथल्या हवेकडे पाहूनच ठरवायला हवं.

एअरब्रशच्या पोटात घडतं ते असं. एका बारीक तोटीच्या मध्यभागी निमुळती सुई बसलेली असते. तोटीच्या भोवतीने दाबाखालची हवा वेगाने बाहेर पडते, त्यामुळे तोटीच्या टोकाशी दाब कमी होतो आणि रंग पुढे ओढला जातो. बाहेर येताच तीच हवा त्याचे कण कण करते. सुई मागे सरकवली की तोटीचं तोंड उघडतं आणि रंग वाढतो, पुढे सरकवली की बंद होतो. अवजार लहान असलं तरी त्याचं सगळं काम दोन गोष्टींवर चालतं: हवेचा दाब स्थिर हवा आणि हवा कोरडी हवी. दाब हलला की फवारा हलतो. हवेतून पाण्याचा एक थेंब आला, तर तो रंगात मिसळत नाही. तो नंदीच्या पाठीवर थुंकल्यासारखा उडतो आणि खाली वाळत आलेल्या थरात वाटोळा खड्डा पाडतो. आधीचे चार थर कितीही निगुतीने दिलेले असोत, एका थेंबाने पाठ पुन्हा घासून काढावी लागते.

आता कॅलेंडर पाहा. पोळा श्रावण अमावास्येला, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरच्या पूर्वार्धात येतो. तान्हा पोळा त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे नंदी रंगवण्याचे आठवडे ऐन पावसाळ्यात पडतात, नाले भरलेले असतात आणि कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. या दिवसांत तापमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के धरली, तर त्यात अतिशयोक्ती नाही. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. आर्द्रता ९० टक्के असताना त्यात २७ ग्रॅम आधीच भरलेली असते. कॉम्प्रेसर हीच हवा ओढतो आणि दाबतो. छोट्या यंत्रांच्या टाकीतला दाब साधारण ४ बारपर्यंत जातो. बाहेरच्या हवेचा १ बार धरून एकूण ५. म्हणजे हवेचा घनमीटर एक पंचमांश जागेत कोंबला जातो आणि त्या जागेत, तापमान पुन्हा ३० अंशांवर आलं की, जेमतेम ६ ग्रॅम वाफ मावते. उरलेल्या २१ ग्रॅमचं पाणी होतं. मिनिटाला २० लीटर हवा ओढणारं यंत्र पन्नास मिनिटं चाललं की एक घनमीटर हवा ओढून होते. म्हणजे तासाभराच्या आत चहाचे चार चमचे पाणी यंत्रात तयार होतं. ते कुठे तरी जाणारच. कुठे जाणार, हे कॉम्प्रेसर निवडतानाच ठरून जातं.

हेच गणित दुसऱ्या ऋतूंत करून पाहिलं की सर्वसाधारण सल्ला कुठे चुकतो ते कळतं. एप्रिलच्या दुपारी पारा ४२ वर आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर घनमीटरमागे ११ ग्रॅमच्या आसपास वाफ असते. ४२ अंशांना एका घनमीटरात ५६ ग्रॅम मावते. पाचपट दाबल्यावरही त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे ११ ग्रॅमच, मावतं. पाणी जवळपास पडतच नाही. डिसेंबरच्या १५ अंशांच्या सकाळी, निम्म्या आर्द्रतेला, घनमीटरमागे चार ग्रॅमच्या आतबाहेर पडतं. म्हणजे दिवाळीत आणलेला कोणताही कॉम्प्रेसर होळीपर्यंत गुणी वाटतो. घेणारा समाधानी असतो, चार जणांना शिफारसही करतो. यंत्राची खरी परीक्षा आषाढात सुरू होते आणि नेमका तेव्हाच नंदी रंगवायचा असतो. पेण आणि हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यांत किंवा नागपूरच्या चितारओळीत मूर्तींवर फवाऱ्याने रंग चढतो, त्याचा हंगामही पावसाळ्यातलाच. तिथल्या कॉम्प्रेसरची टाकी हौशी माणसाला अवाढव्य वाटते. मोठ्या मूर्तींना हवा जास्त लागते हे त्याचं एक कारण. पण दमट हवेत टाकीचा उपयोग हवा साठवण्यापुरता नसतो.

टाकीचं काम नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण इथेच बहुतेकांची समजूत अपुरी असते. दट्ट्याने दाबलेली हवा तापते. तापलेल्या हवेत पाणी वाफेच्याच रूपात राहतं. बिनटाकीच्या यंत्रातून ही गरम हवा थेट नळीत शिरते, नळीत थंड होते आणि पाणी नळीतच, ब्रश धरलेल्या हाताच्या जवळ पडतं. अशा यंत्रात दाब दीड बारच्या, म्हणजे टायरवाल्यांच्या भाषेत २२ पाऊंडांच्या आसपास असतो. तरीही वरच्या हिशेबाने घनमीटरमागे १५ ग्रॅम पाणी सुटतंच. टाकी असली की हवा आधी टाकीत थांबते, तिच्या लोखंडी भिंतींना लागून थंड होते आणि पाणी तळाशी बसतं. मग ४ बारवरची हवा दाबनियंत्रकातून दीड बारवर उतरते. उतरताना ती पसरते आणि पसरलेल्या हवेत वाफेला जागा वाढते. टाकीत जी हवा वाफेने काठोकाठ भरलेली होती, तीच नियंत्रकाच्या पलीकडे निम्मीच भरलेली राहते. आता नळीत पाणी पडायला कारणच उरत नाही. जास्त दाबायचं, पाणी टाकीत सोडायचं आणि मग दाब उतरवायचा, असा हा क्रम आहे. बिनटाकीच्या यंत्रात तो घडूच शकत नाही, मग पुढे लावलेला ब्रश पंधरा हजारांचा असो की पंधराशेचा.

या योजनेला एक पथ्य आहे. टाकी थंड राहिली तरच ती पाणी सोडते. मोटर सलग चालत राहिली, टाकीला हात लावला तर चटका बसू लागला, की गरम हवा वाफ घेऊन पुढे निघते. म्हणून दहा-पंधरा मिनिटांच्या कामानंतर थांबावं, टाकीच्या बुडाची चावी सैल करून पाणी काढावं आणि नियंत्रकाखालची काचेची वाटीही रिकामी करावी. ती वाटी पाणी अडवते खरी, पण थेंब झालेलं पाणीच अडवते. वाफ तिच्यातून सरळ निघून जाते. त्यामुळे बिनटाकीच्या यंत्राला नुसती वाटी जोडून भागेल, हा विक्रेत्याचा दावा अर्धाच खरा आहे. नळी लांब घेतली आणि दुसरी छोटी वाटी ब्रशच्या अगदी जवळ बसवली, तर टाकी नसलेल्याचं काम पुष्कळ सुधारतं, हे मात्र मान्य करायला हवं. ज्याच्याकडे असं यंत्र आधीच आहे त्याने ते टाकून देऊ नये.

यावर एक रास्त आक्षेप येतो. हौशी कॉम्प्रेसरची टाकी असते अवघी ३ लीटरची; तिने काय साधणार? साठ्याच्या दृष्टीने पाहिलं तर आक्षेप खरा आहे. अशा यंत्राची मोटर ४ बारला आपोआप बंद होते आणि दाब ३ बारला आला की पुन्हा सुरू होते. ३ लीटरच्या टाकीत १ बारची घट म्हणजे बाहेरच्या मोजमापाने ३ लीटर हवा. ब्रशला मिनिटाला साधारण १० लीटर लागते. म्हणजे मोटर गप्प झाल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत जेमतेम अठरा सेकंद मिळतात. टाकी आहे म्हणून मोटर बराच वेळ बंद राहील, ही अपेक्षा फोल ठरते. पण दट्ट्याच्या ठोक्यागणिक येणारे हवेचे हिसके ही छोटी टाकीही गिळते आणि पाणी खाली बसवते. हिसके गेले नाहीत तर वशिंडाच्या उतारावर फिकट-गडद लहरी उमटतात, आणि ज्यासाठी एवढा खर्च केला तो मऊपणाच हातचा जातो. या दोन कामांना ३ लीटर पुरतात.

साठा हवा असेल, तर गोष्ट वेगळी. गावात वीज जाते, पावसाळ्यात जास्तच जाते. सुतारकामाच्या दुकानात दिसणारा १ अश्वशक्तीचा, २४ लीटर टाकीचा कॉम्प्रेसर ८ बारपर्यंत भरतो. भरल्यावर वीज गेली तरी ८ पासून दीड बारपर्यंत उतरताना त्यातून दीडशे लीटरांहून जास्त हवा मिळते. ब्रशचा खटका सलग पंधरा मिनिटं दाबून धरला तरी ती पुरते, आणि नंदी रंगवताना खटका सलग कुणी दाबून धरत नाही. शिवाय जितकं जास्त दाबावं तितकं जास्त पाणी टाकीत सुटतं, त्यामुळे पुढची हवा आणखी कोरडी मिळते. मग हाच का घेऊ नये? दोन कारणं आहेत. त्याचा आवाज घरात सहन होत नाही. भिंतीपलीकडे पोर अभ्यासाला बसलं असेल किंवा म्हातारं माणूस झोपलं असेल, तर मुळीच नाही. दुसरं, त्याची मोटर सुरू होताना मोठा झटका घेते आणि पडवीतल्या जुन्या वायरिंगला, संध्याकाळी विजेच्या उतरलेल्या दाबाला तो पेलत नाही. एकट्या हौशी माणसाने पाचवा-सहावा हिस्सा अश्वशक्तीचा, म्हणजे दीडशे वॉटच्या आसपासचा, ३ लीटर टाकीचा कॉम्प्रेसर घ्यावा. चार-पाच जण, एखादा बचत गट किंवा शाळेचा चित्रकलेचा वर्ग मिळून घेणार असेल, तर माझं मत २४ लीटरच्या बाजूने पडेल.

विजेच्या उतरलेल्या दाबावरून आणखी एक गोष्ट पारखायची आहे, आणि ती दुकानातच पारखता येते. टाकी भरून मोटर बंद झाली की फुस्स असा छोटा आवाज यायला हवा. दट्ट्यावर अडकलेली हवा त्या क्षणी सुटते आणि पुढच्या वेळी मोटर हलकी सुरू होते. तो आवाज आला नाही, तर मोटरला दर वेळी भरल्या दाबावर जोर लावून उठावं लागतं. विजेचा दाब उतरलेला असेल तेव्हा ती नुसती घुमत राहते, तापते आणि गुंडाळी जळते. घुमणारी मोटर दिसली की लगेच बटण बंद करायचं, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावं. घरच्या इन्व्हर्टरवर दीडशे वॉटची मोटर चालू शकते, पण स्वस्त चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ती जास्त तापते. अशा वेळी पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून काम करावं.

आता आक्षेपांमधला सर्वांत व्यवहारी आक्षेप घेऊ. पंक्चरच्या दुकानात मोठ्या टाकीचा कॉम्प्रेसर आहेच. मग घरी आणायचाच कशाला? टायरची ट्यूब भरून आणावी आणि तिच्यावर ब्रश चालवावा. ही कल्पना टाकाऊ नाही. एअरब्रशचा जन्मच घरोघरी वीज येण्याआधीचा आहे. अमेरिकेत फ्रान्सिस स्टॅन्ली यांनी रंग फवारण्याच्या साधनाचं पेटंट १८७६ मध्ये घेतलं, त्यानंतर आयोवा राज्यातल्या ॲबनर पीलर यांनी आपलं यंत्र बनवलं आणि १८९३ मध्ये शिकागोत चार्ल्स बर्डिक यांनी दिलेल्या घडणीची छाप आजच्याही ब्रशांवर आहे. त्या काळी हवा हातापायाच्या पंपाने भरली जाई आणि तिच्यावर छायाचित्रांचे नाजूक संस्कार होत. ट्यूबच्या हवेला ना हिसके असतात ना आवाज. पण मोटारीच्या एका टायरात साधारण ३० लीटर जागा धरली आणि ४० पाऊंडांपासून २० पाऊंडांपर्यंत ती वापरली, तर चाळीसेक लीटर हवा मिळते. म्हणजे खटका दाबलेली चार मिनिटं. हात बसवायला, सरळ रेघ आणि गोल उतार शिकायला हे पुरतं. एखाद्याला आपली हौस टिकते का हे पाहायचं असेल, तर खुशाल असंच सुरू करावं. पुरा नंदी मात्र होत नाही. शिवाय दुकानातल्या कॉम्प्रेसरच्या हवेत वंगणाचं तेल असतं आणि तेलाचा कण रंगात आला की तिथे माशाच्या डोळ्यासारखा पोकळ डाग पडतो. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढून घरगुती यंत्र बनवणारे लोकही आहेत. ते अगदी शांत चालतं, पण त्यातही तेलाची अडचण आहेच. त्याला टाकी म्हणून जुनं सिलिंडर जोडण्याची पद्धत तर सरळ धोक्याची आहे, कारण जादा दाब सोडणारी झडप नसेल तर गंजलेलं सिलिंडर फुटतं. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

हवेची सोय झाली की ब्रशाची निवड अवघड राहत नाही. रंगाची वाटी वर असलेला ब्रश घ्यावा. रंग आपल्या वजनानेच खाली येतो, म्हणून कमी दाब पुरतो आणि थोडक्या रंगात काम होतं. खालून बाटली लावायचे ब्रश मोठ्या पृष्ठभागांना ठीक. खटका दुहेरी कामाचा असावा, म्हणजे दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग. एकेरी खटका सोपा असतो, हे खरं. तो दाबला की ठरलेला फवारा निघतो आणि शिकायला काही लागत नाही. पण रंगाचं प्रमाण बदलायचं तर थांबून मागचा स्क्रू फिरवावा लागतो. वशिंडावरून खाली येताना रंग हाताच्या एकाच ओघात कमी करत न्यायचा असतो आणि एकेरी खटक्याला तेच जमत नाही. दुहेरीला पहिले काही दिवस बोट अडखळतं; तेवढं सोसावं.

तोटीचं तोंड ०.३ ते ०.४ मिलीमीटरचं घ्यावं. जितकी बारीक तितकी चांगली, असं समजून ०.२ ची तोटी घेणारे पुष्कळ आहेत. पण तोंडाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं, त्यामुळे ०.२ च्या तोटीची वाट ०.४ च्या चौथ्या हिश्श्याएवढीच असते. आपल्याकडे सहज मिळणारे कॅमल किंवा फेव्हिक्रिलचे ॲक्रिलिक रंग कुंचल्यासाठी बनवलेले, दाट असतात. ते दुधाइतके पातळ करून मलमलीतून गाळले तरी ०.२ मध्ये अडकतात. तेवढी बारीक रेघ बोटभर बाहुलीच्या डोळ्याला लागते. हातभर नंदीचा डोळा आणि झुलीची वेलबुट्टी कुंचल्यानेच जास्त नेटकी होते. उलट्या टोकाचा मोहही टाळावा. झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणाऱ्याला एअरब्रशाचा उपयोग नाही. तिथे रंगाची बंदूक लागते, आणि तिला मिनिटाला दीडशे-दोनशे लीटर हवा लागत असल्याने छोट्या कॉम्प्रेसरवर ती चालतच नाही. एका यंत्रावर दोन्ही साधू, असं म्हणणाऱ्याचं एकही धड होत नाही.

चांगला ब्रश जन्मभर टिकतो, स्वस्तातला वर्षात जातो, हा आक्षेप उरतोच. त्यात बरंच तथ्य आहे. स्वस्त चिनी ब्रशात आट्यांची तोटी तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि साफ करून परत बसवताना पान्याने किंचित जास्त आवळली की आट्यांपाशी तुटते. नावाजलेल्या ब्रशांतही अशा तोट्या असतात. फरक एवढाच की त्यांचे सुटे भाग वर्षानुवर्षं मिळत राहतात. पण इथे प्रश्न अंतराचा आहे. कुरखेड्याला जवळचं रेल्वे स्टेशन वडसा, आणि मोठी बाजारपेठ म्हणायची तर नागपूर. तोटी तुटली तर पार्सल येईपर्यंत पोळा निघून जातो. म्हणून ब्रश कोणताही घेतला तरी त्याच दिवशी एक जादा तोटी आणि एक जादा सुई मागवून ठेवावी. ब्रशच्या नावापेक्षा ही खबरदारी जास्त कामाची. आट्यांऐवजी नुसती दाबून बसणारी मोठी तोटी असलेला ब्रश मिळाला, तर नवशिक्याने तोच पसंत करावा. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, रंग वापरायचे असतील, तर सुईभोवतीचं वेष्टण रबराचं नसून टेफ्लॉनचं आहे ना, ते विचारून घ्यावं. थिनरने रबर फुगतं आणि सुई जाम होते. मधल्या प्रतीच्या ब्रशावर हात बसला, हौस टिकली, की मग महागडा ब्रश घ्यायला कुणाची हरकत नाही. तोवर टाकीचा कॉम्प्रेसर घरात असतो आणि तो नव्या ब्रशालाही तसाच चालतो. उलट क्रमाने गेलेल्याला मात्र महागड्या ब्रशातून पाणी उडालेलं पाहावं लागतं आणि दोष ब्रशाचा की हाताचा की हवेचा, तेच त्याला उमगत नाही. नवशिक्याच्या वाट्याला येणारी ही सर्वांत वाईट अवस्था. चूक कुठे आहे हे कळलं तर शिकता येतं. ते कळत नसेल तर सहा महिन्यांत ब्रश कपाटात जातो.

रंगाबद्दल थोडंच. सागाच्या लाकडात स्वतःचं तेल असतं, म्हणून आधी थिनरच्या फडक्याने पुसून, प्राइमर देऊन मगच रंग चढवावा. नाहीतर पापुद्रे सुटतात. पावसाळी हवेत नायट्रोसेल्युलोजचा हात दिला की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं आणि रंग पांढुरका पडतो. कॉम्प्रेसरची हवा कितीही कोरडी असली तरी खोलीतल्या ओलाव्याला ती काही करू शकत नाही, त्यामुळे श्रावणात पाण्यातले ॲक्रिलिक रंगच बरे. उन्हाळ्यात अडचण उलटी येते. सुईच्या टोकावर रंग वाळून बसतो. रंगात वाळणं लांबवणारं द्रावण थोडं घालावं आणि टोक वरचेवर ओल्या कुंचल्याने पुसावं. नंदी लहान मुलांच्या हातात जातो, हातातून तोंडातही जातो. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. डब्यावर ते छापलेलं आहे का, हे पाहूनच रंग घ्यावा आणि घरात पडलेला जुना तेलरंग नंदीसाठी काढू नये. रंगवणाऱ्याच्या फुप्फुसांचीही तीच काळजी. पाण्यातला रंग असला तरी धुकं नाकात जातंच, त्याला चांगला मास्क हवा. थिनरच्या रंगाला कोळशाच्या डब्या लावलेला मुखवटाच लागतो, आणि जवळपास चूल पेटलेली असता कामा नये.

खरेदीची वेळ माझ्या मते दिवाळीनंतरची. हंगाम कोरडा असतो, हात बसवायला आठ महिने मिळतात आणि यंत्रात पाणी पडत नसल्याने चुका फक्त हाताच्या असतात. त्या ओळखू येतात आणि सुधारतात. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते तेव्हाच पाहून घ्यावं आणि गळणारा आटा टेफ्लॉनच्या पट्टीने आवळावा. गळकी नळी असेल तर मोटर उगाच दुप्पट चालते, तापते आणि टाकीही तापवते. मृगाचा पाऊस सुरू झाला की वाटीत रंग न घालता, २० पाऊंडांवर नुसती हवा काचेच्या कोरड्या तुकड्यावर अर्धा मिनिट मारून पाहावी. काच कोरडी राहिली तर वाटीत रंग घालावा. थेंब दिसला तर टाकीची चावी उघडावी, यंत्र गार होऊ द्यावं आणि पुन्हा काच धरावी. श्रावणात ही तपासणी दर बैठकीच्या सुरुवातीला करावी, आणि काम लांबलं तर मध्येही एकदा.